चौकट : विद्यार्थ्यांचा बायबल-गट

वऱ्हाडात ख्रिस्ती कामाची जुनी ठाणी म्हणजे अकोल्याचे अलायन्स मिशन आणि यवतमाळचे फ्री मेथडिस्ट. यवतमाळची युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ साली पुण्याला गेली. योगायोग असा, की अमरावती विद्यापीठ त्याच वर्षी १ मे रोजी स्थापन झाले.

कॉलेजातले गट मात्र पाळकांनी नव्हे, विद्यार्थ्यांनीच चालवायचे, हे ‘युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया’ (स्थापना १९५४) या देशव्यापी चळवळीचे धोरण. ती १९४७ साली उभ्या राहिलेल्या ‘आयएफईएस’ या जागतिक संघाशी जोडलेली आहे.

पद्धत साधी. मूठभर मुलेमुली, बायबलमधला छोटा उतारा आणि तीन प्रश्न : इथे काय लिहिले आहे, त्याचा अर्थ काय, आपण आता काय करायचे? गटप्रमुखाने प्रवचन झोडायचे नसते, विचारत राहायचे असते. (बोलक्या गटप्रमुखाची खरी कसोटी इथेच!) मग एकमेकांसाठी प्रार्थना, त्यात परीक्षेपासून घरच्या आजारपणापर्यंत सगळे येते.

अडचण एकच, पण कायमची : गट जरा जमतो तोवर चालवणारे पास होऊन निघून जातात. शिकून बाहेर पडलेल्यांसाठी चळवळीने वेगळी पदवीधर शाखा ठेवली आहे.