कंबर तीन महिन्यांपासून दुखतेय? पट्टा बांधून भागणार नाही

खाली बसून भाजी निवडली की उठताना हात टेकावा लागतो. पाण्याची बादली उचलायची वेळ आली की मुलाला हाक मारली जाते. कंबरदुखी १२ आठवड्यांपेक्षा जास्त टिकली की तिला जुनाट कंबरदुखी म्हणतात. बहुतेक रुग्णांमध्ये तिच्यामागे बोट ठेवावं असं एकच कारण सापडत नाही.

एमआरआयमध्ये ‘गादी झिजली’ असं आलं की घरात घबराट होते. पण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, पाठदुखी अजिबात नसलेल्या विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या वयातल्या ९६ टक्के लोकांमध्येही अशी झीज दिसली होती!

दुखेल या भीतीने माणूस वाकणं, चालणं टाळतो. मग स्नायू अशक्त होतात आणि थोड्याशा कामानेही कंबर धरते. फिजिओथेरपीला तोडायचं असतं ते हे चक्र.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम आणि रुग्णाला दुखणं नीट समजावून सांगणं यांची शिफारस आहे. कमरेचे पट्टे, ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड मशीन हे मात्र सरसकट वापरू नये, असं म्हटलंय. आपल्याकडे अजूनही ‘मशीन लावून घेणं’ म्हणजेच फिजिओथेरपी, असा समज आहे.

चांगला फिजिओथेरपिस्ट ‘किती दुखतं?’ इतकंच विचारत नाही. ‘दुखण्यामुळे काय करता येत नाही?’ हेही विचारतो. जमिनीवर बसता येत नसेल तर आधी खुर्चीवरून उठबस, मग बुटक्या स्टुलावरून, मग पाटावरून. बादली आधी पाव भरलेली, मग अर्धी. सुरुवातीला थोडं दुखलं म्हणजे इजा झाली असं नाही.

चालण्याचाही उपयोग होतो. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांवर झालेला अभ्यास २०२४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आला. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने हळूहळू चालणं वाढवणाऱ्यांमध्ये दुखणं परतायला साधारण २०८ दिवस लागले, इतरांमध्ये ११२.

मात्र लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघेत बधिरपणा किंवा पायातली ताकद कमी होत जाणं यांपैकी काही दिसलं, तर व्यायाम बाजूला ठेवून लगेच हॉस्पिटल गाठावं. ताप, कारण नसताना घटणारं वजन किंवा पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावं.