ना निवडणूक, ना शपथ. तरी १७ महिने व्हाईट हाऊसच्या चाव्या एडिथ विल्सन यांच्याकडे होत्या

२ ऑक्टोबर १९१९. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना व्हाईट हाऊसमध्ये पक्षाघाताचा झटका आला. शरीराची डावी बाजू लुळी पडली. जीव वाचला, पण देशाचा कारभार बघण्याची ताकद राहिली नाही.

मग कारभार उपराष्ट्राध्यक्ष थॉमस मार्शल यांच्याकडे जायला हवा होता. पण राष्ट्राध्यक्ष असमर्थ आहेत हे ठरवायचं कुणी, याचं उत्तर तेव्हाच्या राज्यघटनेत नव्हतं. त्यात विल्सन यांचे डॉक्टर कॅरी ग्रेसन आणि पत्नी एडिथ यांनी आजार किती गंभीर आहे हे बाहेर कळूच दिलं नाही.

या एडिथ कोण होत्या?

जन्म १८७२ चा, व्हर्जिनिया राज्यातला. शालेय शिक्षण जेमतेम. पहिला नवरा वॉशिंग्टनमधला सराफ. १९०८ मध्ये तो वारला आणि दुकान एडिथ यांच्याकडे आलं. १९१४ मध्ये विल्सन यांच्या पहिल्या पत्नीचं निधन झालं. पुढच्या वर्षी दोघांची भेट झाली आणि १८ डिसेंबर १९१५ रोजी लग्न.

पक्षाघातानंतर एडिथ यांनी नियमच करून टाकला. कागद असो वा मंत्री, आधी त्यांच्याकडे. कुठली फाईल राष्ट्राध्यक्षांना दाखवायची, कुठली बाजूला ठेवायची, हे त्या ठरवायच्या. अनेक फायलींवर उत्तरं यायची ती एडिथ यांच्या हस्ताक्षरात.

डिसेंबरमध्ये दोन सिनेटर खरं काय ते बघायला आले. विल्सन यांचा लुळा डावा हात पांघरुणाखाली ठेवला होता. भेट निभावली. इकडे परराष्ट्रमंत्री रॉबर्ट लान्सिंग परस्पर मंत्रिमंडळाच्या बैठका घेत होते. फेब्रुवारी १९२० मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला.

पण याची किंमत मोठी होती. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ हे विल्सन यांचं स्वप्न होतं. करार सिनेटमध्ये अडकला होता आणि वाटाघाटी करायला राष्ट्राध्यक्षच हजर नव्हते. तडजोड करा, असं आपण त्यांना विनवलं होतं, असं एडिथ यांनी आत्मचरित्रात लिहिलंय. पण विल्सन हटले नाहीत. सिनेटने करार नोव्हेंबर १९१९ मध्ये आणि पुन्हा मार्च १९२० मध्ये फेटाळला. ज्या संघटनेसाठी विल्सन झटले, तिच्यात अमेरिका कधीच गेली नाही.

गंमत बघा, हे सुरू झालं तेव्हा अमेरिकेत सगळ्या बायकांना मतदानाचा हक्कही नव्हता. तो देणारी घटनादुरुस्ती ऑगस्ट १९२० मध्ये लागू झाली. आणि एडिथ स्वतः या हक्काच्या बाजूने नव्हत्या.

आपण सरकारी निर्णय एकही घेतला नाही, फक्त महत्त्वाचं काय आणि ते कधी दाखवायचं एवढंच ठरवलं, असं त्या सांगत राहिल्या. त्या खरंच देश चालवत होत्या का, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. पण राष्ट्राध्यक्षांसमोर काय जाणार हे जो ठरवतो, त्याच्या हातात अर्धा निर्णय आलेलाच असतो.

४ मार्च १९२१ ला विल्सन यांची मुदत संपली. राज्यघटनेतली ती फट बुजायला मात्र १९६७ साल उजाडलं. राष्ट्राध्यक्ष असमर्थ ठरले तर काय करायचं, हे २५ व्या घटनादुरुस्तीने लिहून ठेवलं. एडिथ यांचं निधन त्याच्या साधारण पाच वर्षं आधी, २८ डिसेंबर १९६१ रोजी झालं. तो दिवस होता वुड्रो विल्सन यांच्या जयंतीचा.