नवापूर ओलांडल्यावर

श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, खानदेशात कानबाई देवी बसते तेव्हा नैवेद्याच्या रोटांसाठी घरच्या पुरुषांच्या गणतीने मुठीमुठीने गहू घेतला जातो, आणि जो मुलगा सुरतेत यंत्रमागावर राबतो त्याचीही मूठ त्या गणतीत धरलेली असते. त्याच्याविषयी कोणी पृच्छा केलीच तर ‘पोऱ्या सुरतले शे’ एवढेच उत्तर मिळते, ज्यात तक्रार नसते आणि नवलही नसते. जळगाव-धुळ्याचा हा पोऱ्या तापी खोऱ्याच्या रेल्वेने नवापूरची सरहद्द ओलांडतो, त्या क्षणी महाराष्ट्रातील पक्षांच्या परिभाषेनुसार भूमिपुत्राचा परप्रांतीय होतो.

ही परिभाषा मुंबईत घडली. १९६० साली निघालेल्या ‘मार्मिक’ साप्ताहिकातून बाळासाहेब ठाकरे यांनी कचेऱ्यांतील दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नामावळ्या छापल्या, १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली, आणि पुढे रोख दाक्षिणात्यांवरून उत्तर भारतीयांकडे व बांगलादेशींकडे वळत गेला. २००८ साली राज ठाकरे यांच्या नवनिर्माण सेनेने रेल्वेभरतीच्या निमित्ताने हाच विषय पुन्हा पेटवला. प्रतिपक्ष बदलला, मागणीचा साचा तोच राहिला, आणि प्रचाराच्या दृष्टीने साच्याचे बळ त्यातच होते. खानदेशात मात्र परका असा दाखवावा तरी कोणास? जेथून माणसे बाहेर जातात, तेथे बाहेरच्यांविरुद्धची घोषणा निस्तेज ठरते. म्हणून येथे शिवसेना रुजली ती, माझ्या मते, भूमिपुत्रापेक्षा हिंदुत्वाच्या बळावर.

घोषणा आणि कायदा यांत तर बरेच अंतर आहे. संविधानाच्या १६व्या अनुच्छेदानुसार जन्मस्थानावरून वा रहिवासावरून सरकारी नोकरी नाकारता येत नाही, आणि रहिवासाची अट घालण्याचा अधिकार केवळ संसदेस आहे. महाराष्ट्र सरकारने उद्योगांना सवलती देताना ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना देण्याची अट घातली खरी. पण दफ्तरातला ‘स्थानिक’ भाषेवरून वा कुळावरून ठरत नाही, तो १५ वर्षांच्या रहिवासावरून ठरतो. व्यासपीठावर रक्ताची भाषा चालते, मामलेदार कचेरीत वर्षांचा हिशेब.

सुरतेचा प्रकार निराळा. तेथील उधना, लिंबायत भागांत खानदेशी वस्ती इतकी दाट आहे की कोणत्याही पक्षास तिला परकी म्हणणे परवडणारे नाही. तिला उमेदवारी देणे अधिक फायद्याचे. जळगाव जिल्ह्यातील पिंप्री अकराऊत येथे १९५५ साली जन्मलेले चंद्रकांत रघुनाथ पाटील हे भाग ज्यात येतात त्या नवसारी मतदारसंघातून २००९पासून सलग चार वेळा लोकसभेवर निवडून आले, २०१९मध्ये सुमारे ६ लाख ८९ हजारांच्या मताधिक्याने. २०२०मध्ये ते गुजरात भाजपचे प्रदेशाध्यक्ष झाले आणि २०२४मध्ये केंद्रीय मंत्री. लिंबायतमधून संगीता पाटील २०१२, २०१७ आणि २०२२ अशा तीनदा विधानसभेवर गेल्या. स्थलांतरितांची मते एकगठ्ठा झाली की पक्षांना त्यांचे परकेपण दिसेनासे होते, हे चातुर्य मुंबईतही सर्व पक्षांना अवगत आहे; छठपूजेच्या फलकांवरील नावे वाचावीत. (आणि भूमिपुत्रांच्या पक्षातील बंडखोर आमदारांनी २०२२च्या जूनमध्ये पहिला मुक्काम सुरतेसच टाकला, हा योगायोगही गमतीचा.)

सोमवारी कानबाईचे विसर्जन आटोपून तो पोऱ्या अमळनेरच्या फलाटावर रात्रीच्या गाडीची वाट पाहत बसतो, तेव्हा त्याचा अधिवासाचा दाखला गावी, आईच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला असतो.