‘यू’ म्हणायला न धजणारे विद्यार्थी : नॉम पेन्हमधली इंग्रजीची शिकवणी

गेल्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी प्रश्न विचारला होता. निवृत्तीनंतर आग्नेय आशियातल्या एखाद्या शहरात इंग्रजी शिकवायला जाता येतं का, आणि जावं का? पहिल्या भागाचं उत्तर दोन मिनिटांत देता येतं. दुसऱ्या भागासाठी आजचा तास मागून घेतला आहे.

आम्ही २०१७ च्या जूनमध्ये कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह इथे गेलो आणि २०१९ च्या सुरुवातीला परतलो. आम्ही म्हणजे आम्ही दोघं. पण शिकवायला आम्ही एकटेच जात होतो, आणि एकट्याबद्दल बोलतानाही ‘आम्ही’ म्हणायची आमच्या पिढीच्या प्राध्यापकांची सवय आहे, ती आता सुटणार नाही. सांभाळून घ्या.

आधी ती दोन मिनिटं. ‘ई’ वर्गाचा साधारण व्हिसा घ्यायचा, तिथे गेल्यावर त्याची मुदत वाढवून घ्यायची, नोकरी मिळाली की कामाचा परवाना काढायचा. शाळा बहुधा कुठलीही पदवी आणि १२० तासांचं इंग्रजी अध्यापनाचं प्रमाणपत्र मागतात. तत्त्वज्ञानातल्या डॉक्टरेटकडे मुलाखतीत कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. प्रमाणपत्राच्या वर्गात आमच्या मुलीच्या वयाच्या प्रशिक्षिकेने सांगितलं की शिक्षकाने कमी बोलायचं आणि विद्यार्थ्यांना जास्त बोलू द्यायचं. पस्तीस वर्षं पन्नास मिनिटं अखंड बोललेल्या माणसाला ही शिक्षाच होती. पगार डॉलरमध्ये मिळतो. बाजारात डॉलर आणि रिएल दोन्ही चालतात, साधारण चार हजार रिएलला एक डॉलर, त्यामुळे पाव डॉलरची मोड हजार रिएलच्या नोटेने परत येते. उन्हाळा एप्रिलमध्ये कडक असतो, मे ते ऑक्टोबर पाऊस. रस्त्यावर पाऊल टाकलं आणि समोर बजाजची रिक्षा! तिथे या रिक्षा तेव्हा नुकत्याच जोरात आल्या होत्या आणि मोबाईलवरून बोलावता येत होत्या. पुण्यात जिने आयुष्यभर मीटरवरून भांडायला लावलं, तीच रिक्षा इथे निमूट दारात येऊन उभी राहायची. झाली दोन मिनिटं.

आता खरा विषय. या शहरात इंग्रजी आली कुठून? पुस्तकात हे वाचता येतं, पण आम्हाला ते एका माणसामुळे कळलं. आमच्या संध्याकाळच्या शाळेत एक पहारेकरी होते. पहिल्याच दिवशी त्यांनी आमचं वय विचारलं. ते आमच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान निघाले, आणि त्या क्षणापासून आम्ही त्यांचे ‘बाँग’ झालो. बाँग म्हणजे थोरला भाऊ किंवा बहीण, आपलं दादा किंवा ताई समजा.

हे गृहस्थ शाळेत फ्रेंच शिकले होते. कंबोडिया १८६३ पासून फ्रेंचांच्या संरक्षणाखाली होता, १९५३ मध्ये स्वतंत्र झाला, पण शाळांमध्ये फ्रेंच पुढेही राहिली. मग १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूजच्या फौजा नॉम पेन्हमध्ये शिरल्या आणि काही दिवसांत अख्खं शहर रिकामं करून माणसांना शेतांवर पाठवलं. शाळा बंद झाल्या. शिकलेला असणं, परकी भाषा येणं, हा जिवाला धोका झाला. शहरातल्या एका हायस्कुलाचा तुरुंग केला गेला. ते तुओल स्लेंग आज संग्रहालय आहे, आणि तिथल्या वर्गखोल्यांची जमीन चौकोनी फरश्यांची आहे, कुठल्याही शाळेत असते तशी. ७ जानेवारी १९७९ ला ती राजवट कोसळली, तोपर्यंत देशातला सुमारे चौथा हिस्सा माणूस संपला होता. आमच्या या धाकट्या भावाने त्या काळात फ्रेंचचा एक शब्द तोंडातून बाहेर पडू दिला नाही. झोपेत बोलू नये म्हणून जागे राहायचे, असं एकदा म्हणाले. त्यापुढे त्या वर्षांबद्दल ते कधी बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा शिकवायला शिक्षकच उरले नव्हते. मग धोरण असं ठरलं की ज्याला थोडं येतं त्याने कमी येणाऱ्याला शिकवावं, आणि कमी येणाऱ्याने मुळीच न येणाऱ्याला. व्हिएतनामच्या पाठिंब्यावरचं सरकार होतं, त्यामुळे शिकायच्या भाषा व्हिएतनामी आणि रशियन. इंग्रजी आणि फ्रेंच या शत्रूपक्षाच्या भाषा, त्यांना बंदी. आणि तरीही लोक इंग्रजी शिकत होते, चोरून, दार लावून, दिवा मंद करून. आमचे पहारेकरी तिथे इंग्रजी शिकले. १९९२-९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचं हंगामी प्रशासन आलं, वीस हजारांहून जास्त परके सैनिक आणि अधिकारी शहरात आणि खेड्यांत पसरले, त्यांना वाहनचालक आणि दुभाषे हवे होते. दिव्याच्या उजेडात शिकलेल्या त्या इंग्रजीवर ह्यांना चालकाची नोकरी लागली. त्याच दशकात फ्रेंच मदतीवर चालणाऱ्या तंत्रशिक्षण संस्थेत विद्यार्थ्यांनी ‘आम्हाला फ्रेंच नको, इंग्रजी द्या’ म्हणून निदर्शनं केली. ३० एप्रिल १९९९ ला कंबोडिया आसियानमध्ये गेला, आणि आसियानच्या सनदेत कामकाजाची भाषा इंग्रजी आहे. आता ह्यांची नात चिनी शिकते. आजोबांची तक्रार काही नाही. पण एका माणसाच्या तोंडात सत्ता बदलली की जीभ बदलते, हे आम्ही त्या एका स्टुलावर बसलेल्या माणसात पाहिलं.

तर अशा शहरात आम्ही ‘आय गो, ही गोज’ शिकवायला उभे.

ख्मेर भाषेत क्रियापद काळाप्रमाणे किंवा पुरुषाप्रमाणे बदलत नाही. ‘काल मी जा, उद्या मी जा’ म्हटलं की अर्थ पोचतो, कारण ‘काल’ हा शब्द वाक्यात आहेच. तेव्हा मूल ‘येस्टरडे आय गो’ म्हणतं, ते त्याच्या हिशेबाने बरोबरच असतं. एकच गोष्ट दोनदा सांगण्याचा हा इंग्रजी हट्ट त्याला पटवून द्यायचा असतो. शेवटची व्यंजनं हा दुसरा छळ. ख्मेरमध्ये शब्दाच्या अखेरचं व्यंजन तोंडातच मिटतं, त्यामुळे लाईक, लाईट, लाईफ हे तिन्ही शब्द आमच्या कानाला एकच ऐकू यायचे. आणि आम्ही मराठी माणसं ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोन्हींना ‘व’च म्हणतो, हे मोबाईलवर उच्चार ऐकून आम्हाला दाखवून दिलं मागच्या बाकावरच्या एका मुलाने. फिटंफाट.

आम्हाला मात्र एक फायदा होता, जो आमच्या ऑस्ट्रेलियन सहकाऱ्याला नव्हता. ख्मेर लिपी दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीच्या वंशातली. तिची वर्णमाला ‘क ख ग घ ङ’ याच क्रमाने चालते, जरी काही वर्णांचे उच्चार आता बदलले आहेत. शिक्षकाला क्रू म्हणतात, म्हणजे गुरू. भाषा म्हणजे फीअसा, अक्षर म्हणजे अक्सो, शाळा म्हणजे साला. विद्यापीठाच्या नावात तर चक्क ‘सकल’ आणि ‘विद्यालय’ बसलेत. एप्रिलच्या मध्यात त्यांचं नववर्ष येतं, तेही संक्रांतीच्या नावाने, फक्त ती मेषसंक्रांत. म्हणून कोणी लगेच ‘बघा, सगळं आपलंच’ म्हणून छाती फुगवू नये. त्या शब्दांना तिथे शेकडो वर्षं झाली, ते त्यांचे आहेत.

आता ‘यू’कडे येऊ. ख्मेरमध्ये दोन माणसं बोलू लागली की आधी कोण थोर, कोण धाकटं हे ठरावं लागतं, कारण समोरच्याला नात्यानेच हाक मारायची असते. म्हणून वय विचारणं हा तिथे आगाऊपणा नाही, ती व्याकरणाची गरज आहे. आणि आमच्या हातातलं पाठ्यपुस्तक पान बारावर सांगत होतं की मोठ्या माणसाला वय विचारू नये! सदुसष्ट वर्षांच्या शिक्षकाकडे बोट करून ‘यू’ म्हणायचं म्हटलं की त्या मुलांची मान खाली जायची. ती म्हणत, ‘टीचर वॉन्ट कॉफी?’ आम्ही सुधारायचो, ‘डू यू वॉन्ट कॉफी?’ असे दोन महिने गेले. मग एके दिवशी घरी फोनवर आमचा जुना विद्यार्थी बोलत होता. तो म्हणाला, ‘सर कधी येणार परत?’ आमच्याशीच बोलत होता, आणि आम्हालाच ‘सर कधी येणार’ विचारत होता! तेच वाक्य, तीच अडचण, तोच आदर. त्यानंतर आम्ही वर्गात सांगून टाकलं की माझ्याशी बोलताना टीचर म्हणा, परीक्षेत आणि हॉटेलातल्या पाहुण्याशी ‘यू’ म्हणा. व्याकरणाच्या दृष्टीने हे चूक की बरोबर यावर आमच्या ऑस्ट्रेलियन सहकाऱ्याशी वाद झाला, अजून मिटलेला नाही.

आता जे सांगायला जड जातं ते. नोकरी मिळताना काय झालं? एका शाळेने फोनवर आम्हाला होकार दिला आणि चेहरा पाहिल्यावर नकार दिला. पालकांना गोरा शिक्षक हवा असतो, असं तिथल्या व्यवस्थापकांनी फार नम्रपणे सांगितलं. दुसऱ्या शाळेने घेतलं, पण एक सूचना दिली, की कुठून आलात हे विचारलं तर लंडनचा उल्लेख असू द्या. आम्ही पूर्वी लंडनला तीन महिने अभ्यासासाठी राहिलो होतो, तेवढंच. आम्ही खोटं बोललो नाही. आम्ही गप्प राहिलो. कांटने १७९७ मध्ये असत्यावर जो निबंध लिहिला, तो आम्ही तीस वर्षं शिकवला, मारेकऱ्यालासुद्धा खोटं सांगू नये हे त्याचं म्हणणं फळ्यावर मांडलं. आणि इथे मारेकरी नव्हता, फक्त महिन्याचा पगार होता.

ब्रज कचरू या काश्मिरी भाषावैज्ञानिकांनी १९८५ मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली. आतलं ब्रिटन-अमेरिकेचं, मधलं भारतासारख्या देशांचं, आणि बाहेर पसरत जाणारं, ज्यात कंबोडिया येतो. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ च्या पुस्तकात म्हटलं की जन्मभाषा इंग्रजी असलेलाच उत्तम शिक्षक, ही समजूत भ्रामक आहे. हे सगळं आम्हाला ठाऊक होतं. ठाऊक असूनही सात महिने गप्प होतो.

तोंड उघडलं ते एका मुलीमुळे. ती दिवसा कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करून संध्याकाळी यायची. तिने विचारलं, ‘टीचर, टीचर वेन बेबी, स्पीक इंग्लिश?’ आता याला काय उत्तर देणार? आम्ही फळ्यावर भारताचा नकाशा काढला, महाराष्ट्र दाखवला, आणि सांगितलं की घरी मराठी, इंग्रजी हायस्कुलात गेल्यावर, आणि पहिल्या वर्षी नापास. वर्ग हसला. ती हसली नाही. तिने विचारलं, मग किती वर्षं लागली? आम्ही म्हटलं, धड बोलता यायला नऊ-दहा. तिने वहीत ते लिहून घेतलं. तिचा हिशेब चालला होता. लंडनचा शिक्षक तिला हा आकडा देऊ शकला नसता, कारण त्याच्याकडे तो नाही. दोन पालकांनी त्या महिन्यात मुलं काढून घेतली आणि व्यवस्थापक आमच्याशी काही दिवस बोलले नाहीत, हेही सांगितलं पाहिजे.

इथे जोसेफ जाकोतो या माणसाची आठवण होते. १८१८ मध्ये तो लूव्हाँ इथे फ्रेंच शिकवायला गेला. त्याला फ्लेमिश येईना, विद्यार्थ्यांना फ्रेंच येईना. त्याने दुभाषी छापलेलं एक पुस्तक हातात दिलं आणि तुम्हीच ताडून शिका म्हणाला. ते शिकले. फ्रेंच तत्त्वज्ञ जाक राँसिएर याने १९८७ मध्ये या प्रसंगावर अख्खं पुस्तक लिहिलं. शिक्षकाने समजावून सांगावंच लागतं, या समजुतीत शिष्याला कमी लेखणं दडलेलं आहे, असा त्याचा मुद्दा. पूर्वी आम्हाला तो अतिरेकी वाटायचा. पण १९७९ नंतरचे ते वर्ग, आणि मंद दिव्याखाली शिकणारे आमचे पहारेकरी, यांच्यानंतर तसं म्हणवत नाही.

तर जावं का? आम्ही एक अट घालू. शेजारच्या वर्गात शिकवणारा ख्मेर शिक्षक किती पगार घेतो, हे आधी विचारा. आमच्या शाळेत तो आमच्या निम्म्याहून कमी घेत होता. सकाळी सरकारी शाळेच्या पहिल्या पाळीत, दुपारी खासगी शिकवणी, संध्याकाळी आमच्याकडे. व्याकरण तो आमच्यापेक्षा चांगलं शिकवायचा, कारण मूल कुठे अडणार हे त्याला आधीच माहीत असायचं. आम्ही त्याच्याकडे आठवड्यातून दोनदा ख्मेर शिकलो, आणि आमचा ताशी दर त्याला दिला. त्याने पहिल्या दिवशी घ्यायला नकार दिला. दुसऱ्या दिवशी घेतला. पगाराची रीत आम्ही बदलू शकलो नाही, व्यवस्थापकांपुढे विषय काढला तो एकदाच, तोही अर्धवट. ते आमच्याकडून राहिलं.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून कोणाचा तरी हात वर झालाय. बोला ताई.