चांचणीचें नांव कसें असावें?

संगणकाकडून काम करवून घेण्यासाठीं जें लेखन करितात, त्यास आज्ञावली म्हणतात. मोठी आज्ञावली लहान लहान भागांची बनलेली असते. प्रत्येक भाग आपलें काम बिनचूक करितो कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं ज्या छोट्या परीक्षा लिहून ठेवितात, त्यांस ‘युनिट टेस्ट’ अर्थात् घटक-चांचणी असें नांव आहे. अशा चांचण्या पुष्कळदां शेंकड्यांनीं असतात, म्हणून प्रत्येकीस नांव द्यावें लागतें. तें कसें असावें, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं.

आपल्या तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्यास परिचित असें उदाहरण घेऊं. ४० गुंठे म्हणजे १ एकर. एका भावाची जमीन ३० गुंठे व दुसऱ्याची २० गुंठे असल्यास बेरीज १ एकर १० गुंठे आली पाहिजे. परंतु आज्ञावलीनें गुंठ्यांस एकराचे शतांश समजून ०·३० व ०·२० यांची बेरीज केली, तर उत्तर ०·५० म्हणजे अर्धा एकर, अर्थात् अवघे २० गुंठे येईल! ३० गुंठे जमीन कागदावरून नाहींशी होईल.

ही चूक पकडणाऱ्या चांचणीचें नांव ‘चांचणी ७’ असेल, तर ‘चांचणी ७ नापास’ एवढेंच संगणक सांगेल. लिहिणारा दुसरीकडे गेला असल्यास नव्या माणसास त्यावरून कांहींच उमगणार नाहीं. कदाचित् निरुपयोगी समजून तो ती चांचणी काढूनही टाकील. उलट, ‘बेरजेंत ४० गुंठे भरले म्हणजे १ एकर धरावा’ असें नांव असेल, तर कोणता नियम मोडला हें तत्काळ कळतें.

चांगल्या नांवांत तीन गोष्टी असाव्या: कोणतें काम, कोणत्या परिस्थितींत, आणि अपेक्षित फळ काय. नांव लांबलें तरी चालेल. एका नांवांत दोन अपेक्षा येऊं लागल्या, तर दोन चांचण्या कराव्या. तसेंच नियम बदलला म्हणजे नांवही बदलावें. खोटें नांव निनांवी चांचणीहून अधिक घातक होय.

केंट बेक व एरिक गामा यांनीं १९९७ सालीं जावा भाषेसाठीं ‘जेयूनिट’ हें साधन रचलें. त्याच्या आरंभींच्या आवृत्त्यांत चांचणीच्या नांवाची सुरुवात ‘टेस्ट’ या शब्दानेंच करावी लागे. पुढें नांव हें पूर्ण वाक्य असावें, या विचाराचा डॅन नॉर्थ यांनीं २००६ सालच्या आपल्या लेखांत पुरस्कार केला. २०१७ सालच्या ‘जेयूनिट ५’ मध्यें तर चांचणीस दाखविण्याजोगें निराळें नांव देतां येतें, व तें देवनागरींतही लिहितां येतें.

तेव्हां आज्ञावली शिकूं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनीं आपल्या चांचण्यांचीं नांवें एकदां वडिलांस वाचून दाखवावीं. जमिनीचा हिशेब त्यांस ठाऊकच आहे. नियम चुकला असेल, तर तेही सांगूं शकतील.