जुन्या जीपला पाचवा गिअर

महिंद्राने सुरुवातीला मुंबईत जोडलेल्या जीपला पुढे जायचे गिअर तीनच होते. देवरीवरून जाणाऱ्या नागपूर-रायपूर महामार्गावर असल्या जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांचं इंजिन जरा वेग घेताच किंचाळू लागतं. म्हणून हौशी लोक पाच गिअरचा गिअरबॉक्स चढवतात. समजा, या नव्या गिअरबॉक्सात चौथ्याचं गुणोत्तर १ आणि पाचव्याचं ०.८. मग मिनिटाला ३००० फेरे घेणारं इंजिन त्याच वेगाला २४०० वर येतं.

खरी डोकेदुखी लांबीची. गिअरबॉक्स लांब असला की त्यामागचा, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा ट्रान्सफर केस मागे सरकतो. मागचा प्रॉपेलर शाफ्ट कापावा लागतो, पुढचा वाढवावा लागतो. सांध्यांचे कोन चुकले तर अख्खी गाडी थरथरते. क्लचप्लेट नव्या गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या दात्यांवर बसते का, हे आधीच पाहावं. इंजिनाची ताकद मात्र तेवढीच. घाटात पाचवा टाकून उपयोग नाही.