लीला रॉय: शाळा आणि क्रांती

क्रांतिकारक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पिस्तूल आणि फाशीचा दोर उभा राहतो. खडू-फळा येत नाही. बंगालच्या लीला रॉय यांचे चरित्र या समजुतीला छेद देणारे आहे.

पूर्वाश्रमीच्या लीला नाग यांचा जन्म १९०० सालचा. १९२१ मध्ये कलकत्त्याच्या बेथून कॉलेजातून पदवी घेतल्यावर त्यांनी ढाका विद्यापीठाचे दार ठोठावले. तेथे मुलींच्या शिक्षणाची सोय नव्हती. त्यांनी आग्रह धरून प्रवेश मिळविला आणि १९२३ मध्ये इंग्रजी विषय घेऊन त्या एम. ए. झाल्या. त्याच वर्षी मोजक्या मैत्रिणींसह त्यांनी ‘दीपाली संघ’ स्थापन केला. मुलींच्या शाळा, प्रौढ स्त्रियांचे वर्ग, हस्तव्यवसायाचे शिक्षण अशी कामे ढाक्यात उभी राहिली. पुढे अनिल रॉय यांच्या ‘श्रीसंघ’ या क्रांतिकारी संघटनेत त्या सामील झाल्या. चितगावच्या लढ्यात १९३२ साली प्राणार्पण करणाऱ्या प्रीतिलता वड्डेदार ढाक्यात विद्यार्थिनी असताना दीपाली संघाच्याच संपर्कात आल्या होत्या.

१९३१ मध्ये लीलाताईंनी ‘जयश्री’ हे स्त्रियांचे मासिक काढले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांना अटक झाली आणि १९३७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा वर्षे, सरकारने त्यांना विनाचौकशी स्थानबद्ध ठेवले. सुटकेनंतर त्या सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये गेल्या. १९४६ च्या दंगलीनंतर नोआखालीतील पीडित स्त्रियांच्या मदतीस त्या धावल्या. संविधान सभेवर त्यांची निवड झाली होती. परंतु फाळणीच्या निषेधार्थ त्यांनी ते सदस्यत्व सोडले. जून १९७० मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या सशस्त्र मार्गाविषयी मतभेद संभवतात. तथापि शाळा आणि क्रांती ही त्यांच्या लेखी दोन भिन्न कार्ये नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे. जी स्त्री घराच्या उंबरठ्याआड पराधीन आहे, तिला देशाच्या पारतंत्र्याची चीड कशी यावी? आधी अक्षर, मग स्वावलंबन आणि त्यानंतर निर्भयता, असा तो क्रम होता. देश स्वतंत्र झाला, त्या शाळांची नावे बदलली, ढाक्यावरचे निशाणही दोनदा बदलले. हुतात्म्यांच्या तसबिरींना आपण हार घालतो, ते उचितच आहे. परंतु त्यांना निर्भय करणाऱ्या वर्गखोल्यांचे ऋण आपण कोणत्या खाती मांडले आहे?